दुसरी जागा

उन्हाळा सरत आला होता, आणि शंकरसिंग निघाला होता एका बंद घराच्या छपराचे कवेलू पाहायला. काम अगदी साधं. कुठे कवेलू फुटलेत, कुठे माकडांनी सरकवलेत ते खालून पाहायचं आणि येऊन रहमतमियांना सांगायचं. अशा कामाला जाताना कुणी देवाला नारळ कबूल करत नाही. शंकरसिंगनेही केला नव्हता, आणि पुढे कित्येक वर्षं त्याला त्याचीच रुखरुख लागून राहिली.

महाराष्ट्राचं नवं राज्य होऊन वर्ष लोटलं होतं. उमरखेडातले बरेच घरमालक नोकरीपायी, धंद्यापायी गाव सोडून गेले होते. कोणी नागपूरला, कोणी नांदेडला, कोणी थेट हैदराबादला. घरं मात्र काही गाठोड्यात बांधून नेता येत नाहीत. ती इथेच राहिली. त्यांना भाडेकरू पाहायचा, भाडं उगवायचं, पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, भिंतींना पोपडे आले तर लिंपून घ्यायच्या, हे सगळं मालकांच्या वतीने म्हातारे रहमतमियां करायचे. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि ते गल्लीत शिरले की आधी तो वाजायचा.

शंकरसिंग बंजारा तांड्यातला. सातवी पास. शेताचा तुकडा भावाभावांत वाटून हाती बांधाच्या धुऱ्याएवढा उरला, म्हणून तो गावात काम शोधत आला आणि रहमतमियांच्या हाताखाली लागला. परक्याची घरं सांभाळणं हाही धंदा असतो, हे त्याला इथेच कळलं. म्हातारा त्याला चालता चालता शिकवायचा.

"भाडेकरू ठेवाच्या आधी त्याचं तोंड पाहू नोको, बेटा. त्याच्या बाईचे भांडे पाय. घासलेले असले तं घर सांभाळंन."

कधी म्हणायचा, "घर रिकामं असलं तरी दारात खाकरल्याशिवाय आत पाय नाई टाकाचा."

"रिकाम्या घरात कोणासाठी खाकराचं, चाचा?"

"खाकराले पैसे पडतात का तुले?"

म्हाताऱ्याच्या दोन गोष्टी मात्र शंकरसिंगला फार विचित्र वाटायच्या. एक म्हणजे, घर सोडून जाणाऱ्या बाईने आपली मातीची चूल आपल्या हाताने फोडली, की मगच तो किल्ली परत घ्यायचा. "चूल जिची, तिनंच फोडाची. उभी चूल म्हंजे बाई अजून घरातच हाये." आणि दुसरी, कोणालाही घराबाहेर काढायचं तर त्याला आधी दुसरी जागा दाखवायची. मग ती गोठ्याशेजारची खोली का असेना. "जागा दाखोल्याबिगर माणूस हलोला, तं तो आपली जागा आपणच पायते," असं म्हणून म्हातारा पुढे चालू लागायचा.

शंकरसिंगला ह्यातलं काही उमगत नसे. त्याच्या घराण्यात चूल म्हणजे तीन दगड. पणजोबा बैलांवर माल लादून मुलुखभर फिरायचे. मुक्काम हलला की त्यांच्या बायका चुलीचे तिन्ही दगड उचलून गोणीत टाकायच्या आणि पुढच्या मुक्कामावर तेच मांडायच्या. दगड मागे ठेवून कोणी निघत नसे. काहून, ते कोणी विचारलंही नव्हतं.

तर तो कवेलू पाहायला गेला ते घर गावाच्या टोकाला, जुन्या विहिरीच्या गल्लीत होतं. मालक बबनराव, नागपूरला वकिलाकडे कारकून. "बाहेरूनच पाय," रहमतमियांनी त्याला बजावलं होतं. "आत जाऊ नोको."

भर दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दाराला भलंमोठं कुलूप, त्यावर धूळ. शंकरसिंगने मान वर करून कवेलू पाहिले, आणि त्याचं लक्ष कवेलूंच्या फटीतून निघणाऱ्या धुराकडे गेलं. अगदी बारीक धूर, जशी एकटीदुकटी बाई आपल्यापुरती भाकर टाकते तेवढाच. ओल्या शेणाचा वास येत होता. पायरीवर वाळक्या काड्यांची एक मोळी नीट बांधून ठेवलेली होती.

तो दाराला कान लावून उभा राहिला. आतून आवाज आला.

थप… थप… थप…

भाकरी थापल्याचा आवाज. तो आवाज कोणाला कळत नाही?

"कोण हाये आत?" त्याने विचारलं.

आवाज थांबला. शंकरसिंगला वाटलं, दाराच्या पलीकडे कोणीतरी असंच कान लावून उभं आहे. तो दोन पावलं मागे सरला. पण भीती फार वेळ टिकली नाही. तिच्या जागी संशय आला, आणि संशय भीतीपेक्षा जास्त दिवस मुक्काम करतो.

"चाचा, ते घर रिकामं हाये ना?" त्याने संध्याकाळी विचारलं.

रहमतमियां पानाला चुना लावत होते. हात थांबला. "आत गेलता?"

"नाई."

"मंग कवेलूचं सांग."

बस, एवढंच. शंकरसिंग मनात म्हणाला, म्हातारा दिसतो तेवढा साधा नाही. मालक दूर, किल्ली ह्याच्याकडे, बाहेरून कुलूप आणि आत चूल पेटते. एक तर चोरून भाडेकरू ठेवलाय, नाही तर ह्या वयात कोणी बाई ठेवलीय. चार-आठ दिवस तो म्हाताऱ्यावर पाळत ठेवून राहिला. आणि एका दुपारी त्याने डोळ्यांनी पाहिलं. रहमतमियां काखेत काड्यांची मोळी घेऊन त्या गल्लीत गेले, पायरीवर मोळी ठेवली, खाकरले, बंद दाराशी हळू आवाजात काहीतरी बोलले आणि मान खाली घालून परतले. कुलपाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

आता इथे सांगायला हवं की शंकरसिंग मनाचा वाईट नव्हता. त्याला घाई होती. मागच्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि तापाने फणफणलेलं त्याचं पोर तांड्यातून दवाखान्यापर्यंत पोचलं नाही. त्याची बायको रुपीबाई पोराला पोटाशी धरून नाल्याच्या अलीकडे बसून राहिली आणि पाणी उतरेपर्यंत सगळं संपलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. ती काही मागायची नाही. रोज संध्याकाळी तो तांड्यातल्या झोपडीत शिरला की चुलीपुढून मान वर करून त्यांच्या बंजारा बोलीत, गोरबोलीत, एकच विचारायची, "घर मिळालं का?" पावसाआधी गावात जागा हवी होती, आणि ह्याच्या खिशात गावातल्या भाड्याइतकं बळ नव्हतं.

शुक्रवारी रहमतमियां नमाजाला गेले तेव्हा जुडगा खुंटीवर होता. शंकरसिंगने त्यातून त्या घराची किल्ली काढली.

खाकरायचं तो विसरला. खरं तर विसरला नाही. मुद्दामच खाकरला नाही. कुलूप निघालं, दार ढकललं आणि तो उंबऱ्यातच थबकला.

घर स्वच्छ होतं. जमीन नुकतीच सारवलेली, अजून ओली, शेणाच्या वासाने भरलेली. पलीकडच्या कोपऱ्यात मातीची चूल, तिच्यात राखेखाली विस्तव. सारवणावर हाताचे अर्धगोल एकाला एक लागून उमटले होते. त्याने वाकून पाहिलं. प्रत्येक अर्धगोलात बोटांच्या रेघा होत्या. आधी एक रेघ, मग मोकळी जागा, मग दोन रेघा. सारवणाऱ्या हाताला मधलं बोट नव्हतं.

पण तेवढ्यावर भागलं नाही. सारवण कसं करतात ते लहान पोरालाही माहीत असतं. बाई आतल्या भिंतीपासून सुरू करते आणि मागे मागे सरकत दारातून बाहेर निघते. इथे अर्धगोल दारापासून सुरू झाले होते आणि आत आत जात चुलीच्या कोपऱ्यात संपले होते. ओल्या जमिनीवर पाऊल कुठेच नव्हतं. खिडकीला गज. म्हणजे जिने सारवलं, ती तिथे कोपऱ्यात पोचली आणि…

शंकरसिंगने दार ओढलं, कुलूप लावलं आणि विहिरीवर जाऊन घटाघटा पाणी प्यायला. पाणी पोटात गेल्यावर त्याचं डोकं पुन्हा वकिली करू लागलं. हा सगळा म्हाताऱ्याचा कावा! भुताची हूल उठवायची, म्हणजे कोणी भाडेकरू येणार नाही, मालक विचारणार नाही, आणि घर आपल्या बाईला मोकळं. उलटं सारवायला काय लागतं? मनात खोट असली की सगळं जमतं.

पुढल्या आठवड्यात बबनराव नागपूरहून आले. शंकरसिंगने त्यांना एसटीच्या थांब्यावरच गाठलं आणि धूर, काड्या, सारवण सगळं सांगितलं. पावलांचं तेवढं सांगितलं नाही.

बबनराव भडकले. "तरी म्हणतो, इतके दिवस भाडेकरू कसा मिळत नाही आणि लोक घरात भूत आहे का म्हणतात! शंकरसिंग, घर रिकामं कर आणि तूच राहा तिथे. भाडं नको. तू राहून दाखवलंस की गावाचं तोंड बंद होईल. माझी बाकीची घरंही आजपासून तूच पाहायची."

बबनरावांनी चोर ठरवून किल्ल्या मागितल्या, तरी रहमतमियांनी भांडण केलं नाही. त्यांनी जुडग्यातून बबनरावांच्या किल्ल्या एकेक करून काढल्या. इतकी वर्षं इमानाने धंदा केलेल्या माणसाला चोर म्हटलं की तो एकदम म्हातारा दिसू लागतो. बबनराव निघून गेल्यावर ते शंकरसिंगला म्हणाले,

"लीलाबाई राहे तिथं. एकटी. जिनाच्या मशीनीत कापूस लोटता लोटता बोट गेलं तिचं. मारेगावले बहिणीकडे गेलती. किल्ली माह्यापाशी ठेवली, म्हणे, 'मियांजी, मी येतो. माही चूल सांभाळजा.'"

"मंग?"

"तिकडंच मेली म्हणून खबर आली."

"मेली ना? मंग झालं तं!"

"मेली म्हणून खबर आली, बेटा… घर सोडलं म्हणून नाई आली."

शंकरसिंग हसला. त्याला हसू आलं नव्हतं, पण हसला.

"येवढं ऐक," म्हातारा अगदी हळू बोलला. "चुलीले हात लावू नोको. आन तिले काढाचंच असंल तं… पयले दुसरी जागा दाखव."

दुसऱ्या दिवशी दुपारी शंकरसिंग कुदळ घेऊन गेला. ह्या वेळी जमीन कोरडी होती, चूल थंड होती. त्याला धीर आला. त्याने कुदळ उचलली आणि चुलीवर घातली. माती आतून ओली निघाली, कालपरवा मळून लावल्यासारखी. शेवटचा घाव घातला तेव्हा खोलीत कोणीतरी लांब श्वास सोडला. निदान त्याला तसं वाटलं.

घाबरलेला माणूस देवाचं नाव घेतो, नाही तर थट्टा करतो. शंकरसिंगने थट्टा केली. दारात उभा राहून मोठ्याने खाकरला आणि म्हणाला, "चला, लीलाबाई! दुसरी जागा दाखोतो तुमाले. या माह्या मांगं मांगं."

आणि तिथून तो तडक तांड्याकडे निघाला, रुपीबाईला आणायला.

वाटेत त्याला शेणाचा ओला वास येत राहिला. त्याने हात हुंगले, धोतराचा सोगा हुंगला. वळून पाहिलं तर पांढरी धूळ, काट्यांची कुंपणं आणि रिकामी वाट. तांड्याच्या तोंडाशी नेहमी अंगावर येणारं कुत्रं आज त्याच्या मागच्या जागेकडे पाहत कूंकूं करत मागे सरलं. शंकरसिंगने त्याला ढेकूळ मारलं.

रुपीबाई चुलीपुढे बसली होती. तिने मान वर केली, आणि "घर मिळालं का?" विचारण्याआधीच तो म्हणाला, "मिळालं! ऊठ, बोचकं बांध."

तिचं तोंड असं उजळलं, की आपण काही वाईट केलं असेल हा विचार त्याच्या मनातून साफ निघून गेला. पोर गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. तिने बोचकं बांधलं, डेचकी घेतली, आणि मग चुलीचे दगड उचलायला वाकली.

"राहू दे ते," तो म्हणाला. "गावात मातीची चूल घालू. दगड कशाला वाहतेस अशा दिवसात?"

"आपली रीत आहे," ती म्हणाली. पोटावर हात ठेवून तिने दगडांकडे पाहिलं. पण चुलत्याची गाडी बाहेर उभी होती, आभाळ भरून येत होतं, आणि नवऱ्याला घाई होती; दगड जागीच राहिले. शंकरसिंग दार ओढून घेत होता, तेव्हा आतून "याडी ये!" असा, आईला हाक मारणारा, तिचा दचकलेला आवाज आला. तो पाहायला वळला तर ती बोचकं घेऊन कधीच बाहेर आली होती आणि गाडीत चढत होती. सगळ्या वाटेने ती एक अक्षर बोलली नाही. आनंदाने जीव भरून आला असेल, असं त्याला वाटलं.

नव्या घरात रुपीबाईने चूल घातली. मातीची चूल तिने जन्मात घातली नव्हती, तरी ही इतकी सुबक घातली की शंकरसिंग पाहतच राहिला. कोपरा तोच होता. तो कामावर निघून गेला. नव्या किल्ल्या कमरेला वाजत होत्या, आणि उरल्या दिवसात तो आवाज त्याला फार गोड लागला.

दिवेलागणीला तो परतला आणि उंबऱ्यात थबकला.

जमीन ओली होती. अर्धगोल दारापासून आत गेले होते. एक रेघ, मोकळी जागा, दोन रेघा. कोपऱ्यात चुलीपुढे रुपीबाई पाठमोरी बसली होती, आणि दारापासून तिच्यापर्यंत एकही पाऊल नव्हतं.

त्याने गोरबोलीत तिला हाक मारली. तिने ऐकलंच नाही. पुन्हा मारली. तेव्हा तिने मान वळवली आणि परक्या माणसाची भाषा कळू नये तशी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. कंदिलाच्या उजेडात त्याने तिचा हात पाहिला. पाचही बोटं जागच्या जागी होती.

मागे कोणीतरी खाकरलं. पायरीखाली रहमतमियां उभे होते. ते काही बोलण्याआधीच आतून रुपीबाईच्या तोंडून वऱ्हाडी बोल आले, सरसर, जन्मभर तेच बोलल्यासारखे.

"या ना, मियांजी. लय दिवसानं आले… काड्या आणल्या काय?"

रुपीबाईने ह्या म्हाताऱ्याला आयुष्यात पाहिलं नव्हतं.

रहमतमियांनी शंकरसिंगचा दंड धरून त्याला पायरीवरून खाली ओढलं. "कोणती जागा दाखोली तिले?" ते कुजबुजले. "काय म्हणून हलोलं तिले? बोल ना… कुठी नेऊन सोडली?"

शंकरसिंगने दाराकडे बोट दाखवलं.

म्हाताऱ्याने आत वाकून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "लीलाबाई इथं हाये. मंग तुही बायको… कुठी हाये?"

शंकरसिंग तांड्याकडे पळत सुटला. पावसाचे टपोरे थेंब पडू लागले होते. नाल्याचं पाणी अजून घोट्याखाली होतं. झोपडीचं दार त्याने ओढून लावलं होतं तसंच होतं, पण छपरातून धूर निघत होता. चुलता अंगणात कंदील घेऊन उभा होता, आणि आत जायची त्याची हिंमत होत नव्हती.

"घर सोडलं तं दगड काहून नाई उचलले, बापा?" तो म्हणाला. "दुपारपासून आत चूल जळून राह्यली. म्या फटीतून पायलं… आत कोणीच नाई."

शंकरसिंग दारापाशी गेला. किल्ल्या वाजल्या. ह्या वेळी तो खाकरला.

आत एक काडी मोडल्याचा आवाज झाला. आणि मग चुलीपुढून, रोज संध्याकाळी विचारायची तशाच सुरात, गोरबोलीत रुपीबाईने विचारलं, "घर मिळालं का?"